तहकूब, पण कधीपर्यंत?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. दर दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी आमचा एक लांबलचक कॉल असायचा. पुण्यातून आमची टीम, इंग्लंडमधून क्लायंटची माणसं आणि अमेरिकेतून आमच्याच कंपनीचे एक वरिष्ठ मॅनेजर. टीममध्ये सगळ्यांत ज्युनिअर मी, त्यामुळे मिनिट्स लिहायचं काम माझ्या गळ्यात. कोण हजर होतं, काय ठरलं, कुणी काय करायचं याची यादी करायची आणि शेवटी वेळ टाकायची. या शेवटच्या ओळीसाठी मी इंटरनेटवरच्या कुठल्याशा नमुन्यातून एक वाक्य उचललं होतं : 'मीटिंग अ‍ॅडजर्न्ड अ‍ॅट सेव्हन फॉर्टी.' नुसत्या 'एंडेड'पेक्षा ते भारदस्त वाटायचं.

एका गुरुवारी अजेंड्यावर सात विषय होते आणि पाचव्यावरच वेळ संपला. सातवा विषय दोन टेस्टरांच्या कॉन्ट्रॅक्टचा होता. महिनाअखेर त्यांची मुदत संपत होती, ती वाढवायची की नाही हे ठरायचं होतं. मी सवयीने तेच वाक्य लिहून मिनिट्स पाठवली. दुसऱ्या दिवशी क्लायंटकडच्या एका बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं. मीटिंग अ‍ॅडजर्न झाली, ती कधीपर्यंत?

मला प्रश्नच कळला नाही. संपली म्हणजे संपली, कधीपर्यंत काय? बाईंच्या मते उरलेले दोन विषय अजून टेबलावर होते आणि तीच मीटिंग पुढच्या एखाद्या दिवशी पुढे चालू व्हायची होती. आमच्या मॅनेजरांच्या मते मीटिंग बंद झाली होती, उरलेलं ज्याला हवं त्याने पुढच्या अजेंड्यात नव्याने टाकावं. दोघांचं इंग्रजी चोख होतं, दोघांनी एकच शब्द वाचला होता. दोन्ही बाजू आपापल्या अर्थाने वाट पाहत राहिल्या आणि पुढच्या कॉलच्या आत महिना संपला. त्या दोघांना काढून टाका असं कुणीही म्हटलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट आपोआप संपलं.

त्यांच्यापैकी एक जण जाताना मला म्हणाला, "तुझ्या मिनिट्समध्ये तर आमचं नावच नाहीये रे." नव्हतंच. ज्या विषयावर चर्चा झाली नाही, तो मिनिट्समध्ये कशाला येईल? तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसला आहे. तो मी किती निष्काळजीपणे वापरला होता हे समजून घेताना कळलं, की मराठीतही त्याच्याबाबत आपण तितकेच निष्काळजी आहोत. हा लेख त्याबद्दल आहे.

शब्दातला दिवस

'अ‍ॅडजर्न' इंग्रजीत फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये 'झूर' म्हणजे दिवस. 'अमुक दिवसाला' अशा अर्थाच्या जुन्या शब्दप्रयोगातून हे क्रियापद तयार झालं. एखाद्याला नेमून दिलेल्या दिवशी हजर राहायला सांगणे, हा त्याचा मूळ अर्थ. आज इंग्रजी स्पेलिंगमध्ये दिसणारा 'ड' जुन्या रूपात नव्हता, लॅटिनच्या धाकाने तो नंतर घुसवला गेला. त्याच 'झूर'चं घराणं इंग्रजीत इतरत्रही दिसतं. 'जर्नल' म्हणजे रोजची नोंद, 'जर्नी' म्हणजे मुळात एका दिवसाची वाटचाल.

म्हणजे या शब्दाच्या पोटात थांबणं नाहीच, दिवस आहे. सभा थांबते ती पुढचा दिवस नेमला गेल्यामुळे. शेजारच्या जर्मनमध्ये तर हे आणखी उघड आहे. 'टाग' म्हणजे दिवस, 'टागेन' म्हणजे सभा भरवणे, 'फेरटागेन' म्हणजे सभा पुढच्या दिवसावर टाकणे, आणि 'बुंडेसटाग' म्हणजे खुद्द संसद. माणसं एकत्र येऊन काही ठरवतात, ती मुळात एका ठरलेल्या दिवशी येतात, ही जाणीव या भाषांनी शब्दात जपून ठेवली.

याच्या उलट टोकाला आहे लॅटिनमधला 'साइनी डाय', अर्थात 'दिवसाविना'. संसद 'अ‍ॅडजर्न साइनी डाय' झाली असं आपण वर्षातून अनेकदा ऐकतो. शब्दशः घेतलं तर हा प्रयोग स्वतःशीच भांडतो : 'दिवस नेमून दिला, दिवस न नेमता.' सॉफ्टवेअरवाल्यांना हा फरक सोप्या भाषेत सांगता येईल. युनिक्समध्ये प्रोग्रॅमला 'स्लीप' सांगायचं असेल तर किती सेकंद झोपायचं ते सांगावं लागतं. 'पॉज' सांगायचं असेल तर काहीच सांगावं लागत नाही, तो बाहेरून कुणी सिग्नल देईपर्यंत पडून राहतो. बाहेरून पाहिलं तर दोन्ही प्रोग्रॅम सारखेच गप्प दिसतात. पहिल्याला आपण कधी उठणार हे माहीत आहे. दुसऱ्याचं उठणं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे.

एक शब्द, दोन किनारे

बाई आणि मॅनेजर यांच्यात कोण बरोबर होतं? माझा नाइलाजाचा निष्कर्ष असा, की दोघंही. ब्रिटिश वापरात 'अ‍ॅडजर्न'चा भर खंडावर असतो, काम अर्धवट आहे आणि पुढे चालू होणार आहे. अमेरिकी सभाशास्त्रात 'अ‍ॅडजर्न' म्हणजे सभा बंद करणे, मधल्या विश्रांतीला 'रिसेस' म्हणतात.

या अमेरिकी सभाशास्त्राचा कर्ता एक इंजिनिअर होता हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं. हेन्री मार्टिन रॉबर्ट अमेरिकी सैन्यात इंजिनिअर होता. १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला एका चर्चमधल्या सभेचं अध्यक्षपद त्याच्यावर आलं. सभा चालवतात कशी हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि व्हायचा तो गोंधळ झाला. त्या नामुष्कीतून त्याने अभ्यास सुरू केला आणि १८७६ मध्ये 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' हे पुस्तक काढलं. अमेरिकेतल्या असंख्य संस्था आजही त्यावर चालतात.

रॉबर्टने प्रस्तावांची उतरंड लावली. कोणता प्रस्ताव कोणत्या प्रस्तावाच्या आधी घ्यायचा, याचा क्रम. 'सभा अ‍ॅडजर्न करावी' हा प्रस्ताव त्यात खूप वरचा आहे, त्यावर चर्चासुद्धा होत नाही, थेट मत. पण त्याच्याही वर एक प्रस्ताव आहे, सगळ्यांत वरचा : 'पुढे कधी भेटायचं ती वेळ ठरवावी.' उठण्याचा प्रस्ताव समोर असतानाही कुणी सदस्य हात वर करून म्हणू शकतो, आधी पुढची वेळ ठरवा, मग उठा. म्हणजे 'अ‍ॅडजर्न'चा अर्थ 'बंद' झाला त्या देशातही, शब्दातून निसटलेला दिवस या माणसाने नियमाच्या दाराने परत आत आणला. आमच्या कॉलमध्ये हात वर करणारं कुणी नव्हतं. ते काम मिनिट्स लिहिणाऱ्याचं होतं.

मराठीत काय झालं

आता मराठीकडे येऊ. आपल्याकडे या कामासाठी एक सोडून चार-पाच शब्द आहेत, आणि खरं तर ही श्रीमंती आहे.

'बरखास्त' हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ 'उठलेला'. बैठक बसते आणि बैठक उठते, या आपल्या बोलण्याशी तो चपखल जुळतो. 'सभा बरखास्त झाली' म्हणजे माणसं उठली, संपलं. अमेरिकी 'अ‍ॅडजर्न'ला हा नेमका शब्द. पुढे सरकारं आणि महापालिका बरखास्त होऊ लागल्या आणि त्या शब्दाला हकालपट्टीचा वास लागला, त्यामुळे साध्या सभेसाठी तो वापरायला आपण कचरतो.

'तहकूब' म्हणजे लांबणीवर टाकलेलं, तात्पुरतं थांबवलेलं. 'युद्धतहकुबी' या शब्दात त्याचा अर्थ स्वच्छ दिसतो. बंदुका थांबल्या आहेत, युद्ध संपलेलं नाही. ब्रिटिश 'अ‍ॅडजर्न'ला हा जवळचा. 'स्थगित' त्याचा संस्कृत भाऊ, थोडा अधिक सरकारी. 'संस्थगित' त्याहून सरकारी, तो आपल्या विधिमंडळाचं अधिवेशन संपतं तेव्हा वर्तमानपत्रांत दिसतो. आणि 'साइनी डाय'साठी आपल्याकडे 'बेमुदत' हा इतका नेमका शब्द आहे की लॅटिनलाही हेवा वाटावा.

एवढं असून माझी तक्रार काय? तक्रार शब्दांबद्दल नाही, त्यांच्या वापराबद्दल आहे, आणि ती दोन छोट्या गोष्टींवर टेकलेली आहे.

पहिली गोष्ट, 'साठी' आणि 'पर्यंत'. 'कामकाज दिवसभरासाठी तहकूब' आणि 'कामकाज सोमवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत तहकूब', या दोन्ही बातम्या आपण एकाच डोळ्याने वाचतो. 'साठी' लांबी सांगतं, 'पर्यंत' टोक सांगतं. पहिल्या वाक्यात किती वेळ काम होणार नाही ते कळतं. दुसऱ्यात काम कधी सुरू होणार ते कळतं. 'तहकूब'च्या पोटात दिवस नाही, तो 'पर्यंत' लावून बाहेरून जोडावा लागतो. आणि 'पर्यंत' गळून पडला तरी मराठी वाक्य अडखळत नाही. 'सभा तहकूब झाली.' पूर्णविराम. वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतं, पण त्यात माहिती अर्धीच आहे.

दुसरी गोष्ट, कर्ता. इंग्रजीत 'हाउस अ‍ॅडजर्न्ड' म्हटलं तर सभागृह स्वतः उठलं, 'स्पीकर अ‍ॅडजर्न्ड द हाउस' म्हटलं तर स्पीकरने उठवलं. मराठीत 'तहकूब करण्यात आलं' किंवा 'तहकूब झालं'. कुणी केलं? पाऊस पडावा तशी सभा तहकूब होते. हा व्याकरणाचा कीस वाटेल, पण याच एका कर्त्यासाठी माणसं तुरुंगात गेली आहेत.

खुर्चीत दाबून धरलेला स्पीकर

२ मार्च १६२९, लंडन. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि त्याची संसद यांच्यात कर आणि धर्म या दोन्हींवरून जुंपली होती. राजाने फर्मान पाठवलं, की हाउस ऑफ कॉमन्सने १० मार्चपर्यंत तहकूब व्हावं. तारीख दिली होती, आठ दिवसांचाच प्रश्न होता. स्पीकर सर जॉन फिंच फर्मान सांगून खुर्चीतून उठू लागले. तोच डेन्झिल हॉलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या दोन सदस्यांनी त्यांना धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. दाराला आतून कुलूप लावलं गेलं. सर जॉन एलियट यांनी तयार केलेले तीन ठराव मोठ्याने ऐकवून आवाजी संमतीने मंजूर करून घेतले. आणि मग सभागृहाने काय केलं? स्वतःहून तहकुबी मंजूर केली आणि सगळे उठले.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. शेवटी तहकूबच व्हायचं होतं तर एवढी झोंबाझोंबी कशाला? पण झोंबाझोंबी त्यासाठीच होती. राजा म्हणत होता, मी तुम्हाला तहकूब करतो. सभागृह म्हणत होतं, आम्ही तहकूब होतो. क्रियापद एकच, भांडण कर्त्यावर. १० मार्चला राजाने संसदच विसर्जित केली आणि पुढची अकरा वर्षं ती बोलावलीच नाही. एलियट १६३२ साली कैदेतच वारले.

या गोष्टीला ३९० वर्षांनी दुसरा अंक मिळाला. २०१९ च्या ऑगस्टअखेर पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसद 'प्रोरोग' केली, म्हणजे सत्र संपवलं. पुढची तारीख होती १४ ऑक्टोबर, आणि ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मुदत ३१ ऑक्टोबर. १० सप्टेंबरच्या पहाटे सत्रसमाप्तीचा विधी सुरू झाला तेव्हा विरोधी बाकांवरच्या काही खासदारांनी स्पीकर जॉन बर्को यांना खुर्चीतून उठू न देण्याचा प्रयत्न केला. १६२९ ची आठवण त्यांना होती.

इथे 'अ‍ॅडजर्न' आणि 'प्रोरोग' यांतला फरक महत्त्वाचा. सभागृह अ‍ॅडजर्न होतं ते स्वतःच्या निर्णयाने. त्या काळात समित्या बसू शकतात आणि अर्धवट विधेयकं जिवंत राहतात. प्रोरोग करतो तो मुकुट, पंतप्रधानांच्या सल्ल्याने. त्या काळात सभागृह बसत नाही, समित्याही बसत नाहीत, आणि तिथल्या नियमानुसार बहुतेक अर्धवट विधेयकं मरतात. म्हणजे जॉन्सन यांनी तारीख दिली होती, पण मधल्या पाच आठवड्यांत सरकारला जाब विचारायला कुणीच राहणार नव्हतं.

२४ सप्टेंबरला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की हे प्रोरोगेशन बेकायदेशीर, म्हणून झालंच नाही असं समजावं. दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. बर्को यांनी कामकाजाच्या नोंदीतून प्रोरोगेशन काढून टाकायला सांगितलं आणि त्या जागी एवढंच लिहायला सांगितलं, की ९ सप्टेंबरचं कामकाज संपल्यावर सभागृह अ‍ॅडजर्न झालं. त्या विधीत ज्या एका विधेयकाला राजसंमती जाहीर झाली होती, तीही रद्द ठरली आणि नंतर नव्याने द्यावी लागली. नोंदवहीतलं एक क्रियापद बदललं, आणि मेलेली विधेयकं जिवंत झाली. मिनिट्स लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठा धडा कोणता?

आपल्या घटनेतली दुरुस्ती

हे दोन्ही शब्द इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले, पण आपल्या घटनाकारांनी ते जसेच्या तसे घेतले नाहीत. अनुच्छेद ८५ प्रमाणे सत्रसमाप्ती राष्ट्रपती करतात, अर्थात सरकारच्या सल्ल्याने. मात्र अनुच्छेद १०७ सांगतो, की सत्रसमाप्तीमुळे संसदेपुढचं विधेयक रद्द होणार नाही. ब्रिटिश क्रियापदाचा सगळ्यांत विषारी दात इथे काढलेला आहे. शिवाय दोन सत्रांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, हेही लिहून ठेवलं. 'साइनी डाय'च्या बाहेरून एक कुंपण घातलं. आपल्याकडचा 'बेमुदत' शब्द त्या अर्थाने पूर्ण बेमुदत नाही.

पण एक दात राहिला. अनुच्छेद १२३ नुसार दोन्ही सभागृहांचं सत्र चालू असताना अध्यादेश काढता येत नाही. सभागृह नुसतं तहकूब असेल, अगदी बेमुदत तहकूब असलं तरी, सत्र चालूच असतं. सत्रसमाप्ती झाली की अध्यादेशाची वाट मोकळी. मार्च २०१५ मध्ये हे डोळ्यांसमोर घडलं. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत दोन्ही सभागृहं तहकूब होती, महिनाभर कुणी बसणारच नव्हतं. तरी सरकारच्या शिफारशीवरून राज्यसभेची सत्रसमाप्ती करण्यात आली आणि एप्रिलच्या सुरुवातीला भूसंपादनाचा अध्यादेश पुन्हा काढला गेला. रिकाम्या सभागृहाचं क्रियापद बदलण्यासाठी एवढी तसदी घ्यावी लागते, यावरून त्या क्रियापदाचं वजन कळावं.

या शब्दाचा एक उलटा उपयोगही सांगायला हवा, नाहीतर तो फक्त बोलती बंद करायचं हत्यार आहे असं वाटेल. 'स्थगन प्रस्ताव' हे नाव मला लहानपणापासून कोड्यात टाकायचं. विरोधकांना चर्चा हवी असते, मग ते सभागृह थांबवायचा प्रस्ताव का आणतात? ब्रिटिश संसदेत 'सभागृह आता तहकूब व्हावं' हा प्रस्ताव मांडला, की त्या निमित्ताने हवं ते बोलता यायचं. आयरिश सदस्यांनी १८८० च्या आसपास याचा इतका पुरेपूर उपयोग केला, की १८८२ मध्ये नियम बदलून तो 'निश्चित आणि तातडीच्या सार्वजनिक बाबी'पुरता मर्यादित करावा लागला. तीच शब्दावली पुढे आपल्या कायदेमंडळांच्या नियमांत आली. आजही हाउस ऑफ कॉमन्सचा दिवस तहकुबीच्या प्रस्तावाने संपतो, आणि त्या प्रस्तावावर अर्धा तास एखादा साधा खासदार आपल्या मतदारसंघातला एखादा प्रश्न मांडतो. उठायच्या आधी, ज्याचं ऐकलं गेलं नाही त्याला बोलू द्यायचं. आमच्या कॉलला असा अर्धा तास असता तर सातवा विषय निघाला असता.

अर्धा तास आणि तारीख

संसद लांब राहिली. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या प्रत्येकाने तहकुबी पाहिलेली आहे. वार्षिक सभेच्या नोटिशीखाली ठरलेली टीप असते : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. आमच्या सोसायटीत दहाच्या सभेला दहा वाजता कुणीच जात नाही. सगळे साडेदहाला जातात. पाच-सात जण सतरंजीवर बसून तहकुबीची वाट पाहतात. विनोद सोडला तर ही टीप मला आदर्श वाटते. कधी, कुठे आणि कोणती सभा, तिन्ही आधीच सांगितलेलं. 'तीच सभा' हे शब्द विशेष महत्त्वाचे. नवी सभा नाही, तीच, अर्धवट राहिलेली.

आणि मग कोर्ट. माझ्या आजोबांचा जमिनीच्या वाटणीचा दावा तालुक्याच्या कोर्टात बरीच वर्षं चालला. त्यांच्या कोटाच्या खिशात एक छोटी डायरी असायची, तिच्यात फक्त तारखा. संध्याकाळच्या एसटीने ते परतले, की आजी पाण्याचा तांब्या पुढे करत एकच विचारायची, "पुढची कधी?" आज काय झालं हे ती विचारत नसे. आजोबा म्हणायचे, "अठराची पडली."

आमच्या मिनिट्सवर त्या बाईंनी विचारलेला प्रश्न आजीने शब्दशः कितीतरी वर्षं आधी विचारलेला होता. आणि 'अ‍ॅडजर्न'चं सगळ्यांत अचूक मराठी मला कोशात सापडलं नाही, तिथे सापडलं. 'तारीख पडणे.' फ्रेंच 'झूर' होता तसाच यात दिवस आहे, अगदी पहिल्याच शब्दात. महाराष्ट्रातल्या कोर्टांत ज्या कागदावर त्या दिवशी काय झालं ते लिहितात त्याला 'रोजनामा' म्हणतात, म्हणजे चक्क 'जर्नल'. युरोपने शब्दात जपलेला दिवस आपण कोर्टाच्या पायरीवर जपला होता, फक्त त्याच्याकडे कधी भाषा म्हणून पाहिलं नाही.

पण इथेच माझा सिद्धांत लंगडा पडतो, आणि ते मान्य करायला हवं. नेमलेला दिवस हाच या शब्दाचा प्राण असेल, तर आजोबांचा दावा आदर्श म्हणायला हवा. त्यांना एकदाही बेमुदत तहकुबी मिळाली नाही. दर वेळी तारीख मिळाली, आणि ती पाळलीही गेली. दिवाणी प्रक्रिया संहितेत तर एका पक्षकाराला सुनावणीत तीनहून अधिक तहकुबी देऊ नये असंही लिहिलेलं आहे. तरी वर्षं गेली. कारण 'अ‍ॅडजर्न'मध्ये दोन आश्वासनं आहेत : अमुक दिवशी भेटू, आणि जिथे सोडलं तिथून पुढे जाऊ. आजोबांना पहिलं मिळत राहिलं, दुसरं नाही. आणि 'पडली' या क्रियापदात कर्ता पुन्हा गायब आहे. तारीख कुणी मागितली, कुणी दिली, का दिली, हे आजोबांना कधी धड सांगता आलं नाही. ती पडायची.

म्हणून 'तहकूब'ऐवजी दुसरा शब्द घडवा अशी माझी मागणी नाही. शब्द पुरेसे आहेत. 'तहकूब' लिहिणाऱ्याने, मग तो वार्ताहर असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो की माझ्यासारखा ज्युनिअर इंजिनिअर, तीन गोष्टी सोबत लिहाव्यात : कुणी केली, कधीपर्यंत, आणि काय उरलं. उरलेल्याची यादी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जे बोललं गेलं त्याची नोंद होतेच.

हल्ली मिनिट्स लिहिताना मी शेवटी 'राहिलेले विषय' असा एक मथळा टाकतो. प्रत्येक विषयापुढे त्यात कुणाचं काय अडकलं आहे ते, आणि तारीख. तारीख ठरली नसेल तर 'तारीख ठरलेली नाही' असं स्पष्ट लिहितो. ते वाक्य वाचायला कुणालाच आवडत नाही, त्यामुळे बहुतेकदा तासाभरात कुणीतरी तारीख कळवतं. त्या दोन टेस्टरांपैकी एकाला तीन महिन्यांनी दुसरीकडे काम मिळालं, दुसऱ्याचा फोन लागेनासा झाला. त्या गुरुवारच्या मिनिट्स अजून माझ्या मेलमध्ये आहेत. शेवटची ओळ तशीच आहे, सात चाळीसला अ‍ॅडजर्न झालेली.